सर्व्हर चालू आहे, तुम्हीच नाही आहात

आमच्या संस्थेचा मेल सर्व्हर गुरुवारी बसला आणि पुढे सोमवारपर्यंत आम्हा बऱ्याच पीएचडीवाल्यांच्या मेल उडाल्या, ते सगळं परत सांगत बसत नाही. ज्यांच्या उडाल्या त्यांना माहितीये, ज्यांच्या नाही उडाल्या त्यांना सांगून उपयोग नाही (हे प्रकाशला उद्देशून आहे, का ते पुढे कळेलच). सोमवारी संध्याकाळी गेटासमोर मामांच्या टपरीवर जी वादावादी झाली ती कुणीतरी लिहून ठेवा असं स्नेहा म्हणाली, आणि कामधंदा नसलेला मीच होतो.

सुरुवात पम्याने केली. पम्या तेव्हाच जरा जास्त तापलेला वाटत होता, पण त्याचं कारण त्याने शेवटपर्यंत दाबून ठेवलं.

"गुरुवारी लाईट जाते हे पुण्यात शेंबड्या पोराला माहितीये. पाणी पण गुरुवारीच जातं. मग आपल्या सर्व्हर रूमलाच दरवेळी धक्का कसा काय बसतो?"

"मला तर काहीच प्रॉब्लेम आला नाही," प्रकाश म्हणाला. "सगळ्या मेल वेळेवर आल्या. तुम्ही लोक पासवर्ड वगैरे नीट टाकत नाही, मग सिस्टीमला शिव्या घालता."

प्रकाशबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. पीएचडीचं सातवं वर्ष चालू आहे, एक्स्टेन्शनवर आहे, आणि मधे तीन महिने जर्मनीत हायडेलबर्गला जाऊन आल्यापासून त्याचं प्रत्येक वाक्य 'बाहेर' या शब्दाने सुरू होतं. बाहेर असं नसतं, बाहेर मेल पडत नाही, बाहेर प्रिंटरला कागद असतो. चहासुद्धा हल्ली तो स्वतःच्या स्टीलच्या मगात घेतो आणि मामा त्याच्याकडे असं बघतात की बस.

"बाहेर काय करतात माहितीये? हे सगळं प्रोफेशनल कंपनीला देऊन टाकतात. आपल्याकडे काय, तळघरात एक खोली, दोन एसी, त्यातला एक बंद, आणि एक कंत्राटी पोरगा. त्यालाच काढा आधी, सगळं सुरळीत होईल."

इथे स्नेहाने चहाचा ग्लास खाली ठेवला. ती ग्लास खाली ठेवते तेव्हा आम्ही बाकीचे जरा मागे सरकतो.

"प्रकाश, तुला मेल आल्या कारण तू जुना आहेस."

"म्हणजे?"

"म्हणजे जुना. पुराणवस्तू. ऐक आता. गुरुवारी लाईट गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या होत्या, सर्व्हर बसला. इथपर्यंत कुणाचंही काहीही नुकसान नव्हतं. सर्व्हर पूर्ण बंद असला ना, की समोरचा सर्व्हर मेल स्वतःकडे ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, चार-पाच दिवस तरी. नियमच तसा आहे. सोमवारपर्यंत बंद ठेवला असता तरी सोमवारी दुपारी सगळ्या मेल आल्या असत्या, थोड्या शिळ्या, पण आल्या असत्या."

"मग आल्या का नाहीत?" हे मी विचारलं.

"कारण शुक्रवारी संध्याकाळी तो चालू केला! मेल सर्व्हर उठला, पण ज्या मशीनवर आपल्या सगळ्यांची नावं आहेत ती डिरेक्टरी उठलीच नाही. मग काय केलं तर चार वर्षांपूर्वीची नावांची यादी सापडली ती जोडून दिली आणि दाखवलं चालू. त्या यादीत कोण? जे तेव्हा होते ते. पास होऊन अमेरिकेत गेलेले आहेत, रिटायर झालेले दोन सर आहेत, नोकरी सोडून हॉटेल काढलेला तो नाशिकचा आहे, आणि हे आपले प्रकाशराव आहेत. आपण नंतर आलेले सगळे नाही. तीन दिवस बाहेरून आलेल्या प्रत्येक मेलला आपल्या सर्व्हरने स्वच्छ उत्तर दिलंय, ५५०, असा कोणी माणूस इथे नाही. आणि ५५० म्हणजे कायमचा नकार, समोरचा परत विचारत नाही. बंद असता तर परवडलं असतं, हा तर चालू राहून खोटं बोलला."

टपरीवर जरा वेळ शांतता. मग पम्या म्हणाला, "च्यायला, म्हणजे संस्थेच्या हिशेबी मी जन्मलोच नाही."

"आणि माझ्या पेपरची प्रूफं परत गेली," स्नेहा म्हणाली, "अठ्ठेचाळीस तासात करेक्शन द्या म्हणून आली होती. दोन मेलिंग लिस्टने मला काढून टाकलं, कारण त्यांना वाटलं हा पत्ता मेला. आणि मला हे कधी कळलं? तिथल्या बाईंनी माझ्या गाइडना फोन केला तेव्हा."

एवढ्यात देशपांडे काका आले. काका रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण सहाचा चहा इथेच. विषय कळल्यावर त्यांनी जे सुरू करायचं तेच सुरू केलं. अर्नेट म्हणजे शिक्षणसंस्था जोडणारं ते जुनं नेटवर्क, १९८६, जुहूचं एनसीएसटी हे सॉफ्टवेअर केंद्र, पाच आयआयटी, बंगलोरची आयआयएससी, मोडेमचा आवाज, रात्री टेलिफोनची लाईन मोकळी असताना मेलचा गठ्ठा जायचा आणि यायचा, आणि सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीकडून, त्याच्या कितीतरी आधी आम्ही मेल करत होतो, आणि एखादी मेल दोन दिवसांनी आली तर आम्ही पेढे वाटायचो, तक्रार नाही करायचो.

"काका," स्नेहा म्हणाली, आवाज एकदम गोड, "तेव्हा तुमची फेलोशिप मेलवर यायची का?"

"नाही, चेक यायचा."

"थिसिस कुठे द्यायचा?"

"ऑफिसात. काळ्या बाइंडिंगच्या प्रती."

"आता सॉफ्ट कॉपी शोधगंगेवर, थिसिसच्या ऑनलाइन साठ्यात जाते, त्याआधी उचलेगिरी नाही असा प्लेजरिझमचा रिपोर्ट लागतो, जर्नल वाचायचं तर लॉगिन लागतं, व्हिसाच्या फॉर्मवर संस्थेचा मेल लागतो, जीमेल दिला तर समोरचा विचारतो तुम्ही खरंच तिथले का. तुमची मेल म्हणजे हौस होती हो, माझी मेल म्हणजे रेशनकार्ड आहे."

काकांनी मान डोलावली आणि खारी मागवली. माणूस चांगला आहे, हरलं की खारी मागवतो.

प्रकाश मात्र हरत नाही. "तेच म्हणतोय मी! म्हणूनच मोठ्या कंपनीला द्या. गूगलवर होतो तेव्हा होता का काही त्रास?"

हे त्याने बोलायला नको होतं, कारण हा जुना विषय आहे आणि पम्याच्या पोटात तो कधीचा आहे.

"गूगलवरून का निघालो?" पम्या. "सांगतो. फुकट अनलिमिटेड होतं, २०२१ला त्यांनी सांगितलं की २०२२च्या जुलैपासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट. बऱ्याच ठिकाणी पुरलं ते. आपल्याकडे का नाही पुरलं? कुणाच्या लॅबने मायक्रोस्कोपचे रात्र-रात्रभराचे व्हिडिओ ड्राइव्हवर कोंबले होते? ज्यात काहीही हलत नाही असे व्हिडिओ!"

"ते कंट्रोल होते, तुलनेसाठी ठेवलेले," प्रकाश म्हणाला.

"कंट्रोल! मेस कमिटीत असताना पनीरचा हिशेब पण तू कंट्रोल म्हणूनच दाखवला होतास!"

मग पनीर झालं. पनीरवरून त्या वर्षीचा कूलर झाला, जो मुलींच्या विंगला जायचा होता आणि प्रकाशच्या मजल्यावर सापडला. तो भाग मी गाळतोय, त्यात दोन्ही बाजूंनी आई-वडिलांपर्यंत गेले होते. मामांनी मधे पडून सगळ्यांना अर्धा-अर्धा चहा दिला, फुकट नाही.

चहा झाल्यावर प्रकाश पुन्हा मूळ पदावर. बाहेर असं होत नाही.

"होतं," स्नेहा म्हणाली. "क्योटो युनिव्हर्सिटी, डिसेंबर २०२१. सुपरकॉम्प्युटर आहे, मोठ्या कंपनीच्याच ताब्यात आहे. कंपनीच्या माणसांनी बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सुधारणा केली, चांगल्या हेतूने. जुन्या लॉग फाइली पुसायचं काम होतं तिचं. पण जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी ठेवली. बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, कसं वाचतं माहितीये ना, चालवता चालवता पुढचं वाचत जातं. मधूनच नवी स्क्रिप्ट वाचायला लागलं, पुसायची जागा सांगणारं व्हेरिएबल रिकामं, आणि लॉगच्या ऐवजी लोकांचा डेटा पुसत सुटलं. ७७ टेराबाइट. ३ कोटी ४० लाख फाइली. १४ ग्रुपचं काम, त्यातल्या चार ग्रुपचं परत आणताच आलं नाही."

हे ऐकून मला खरंच कसंतरी झालं. आमच्या क्लस्टरवर माझा सगळा डेटा एका फोल्डरमध्ये आहे ज्याचं नाव 'नवीन फायनल २' आहे.

"मग? बाहेरही चुकतात तर आपण कशाला बोंबलायचं?" प्रकाश. म्हणजे बाहेर होत नाही म्हणून आपण वाईट, आणि होतं म्हटल्यावर आपण ठीक. दोन्हीकडून हाच बरोबर.

"बोंबलायचं ते वेगळ्या गोष्टीसाठी. क्योटोत कंपनीने चूक पूर्ण आमची म्हणून लिहून दिलं, काय झालं ते जाहीर केलं, आपण ते इथे बसून वाचू शकतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजचं २०१६च्या ऑक्टोबरमध्ये स्टोरेज बसलं, कितीतरी दिवस सगळं ठप्प, काही डेटाचा टेपवर बॅकअपच नव्हता हे बाहेर आलं. कसं बाहेर आलं? बाहेरच्या लोकांकडून चौकशी करून घेतली आणि अहवाल छापला. आपल्याकडे आज काय नोटीस आलीये? 'मेल सेवा सुरळीत सुरू आहे.' आणि ती नोटीस आलीये कशावर? मेलवर!"

यावर मामा पहिल्यांदा बोलले. त्यांचं म्हणणं, बॅकअप बॅकअप म्हणता ते मी पण करतो. उधारीच्या वहीचं त्या-त्या दिवसाचं पान रोज रात्री फोटो काढून साताऱ्याला लेकीला व्हॉट्सअॅपवर टाकतात. एकदा पावसात वही भिजली तेव्हापासून. पम्याचा चेहरा पडला, कारण ती वही पुन्हा भिजेल अशी त्याला फार आशा होती.

"बघ," स्नेहा म्हणाली, "मामांची प्रत साताऱ्यात, आणि आपल्या डिरेक्टरीची प्रत कुठे होती? त्याच खोलीत, त्याच रॅकमध्ये, त्याच यूपीएसवर."

तेवढ्यात सागर आला. प्रकाश ज्याला काढून टाकायला निघाला होता तोच कंत्राटी पोरगा. डोळे लाल, शर्ट शुक्रवारचाच असावा, हातात फोन आणि फोन सारखा थरथरतोय. प्रकाशला एकदम मगातलं काहीतरी बघायचं होतं. मामांनी न विचारता चहा दिला, याला खरंच फुकट.

सागर फार बोलत नाही. स्नेहाने विचारलं बॅटऱ्यांचं काय. म्हणाला, दिवाळीच्या आधी लिहून दिलंय, बॅटऱ्या फुगल्यात, बदला. फाइल परचेसला गेली, परचेसने विचारलं तीन कोटेशन कुठे, कोटेशन दिली तर म्हणाले जेमवरून, त्या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून घ्या, जेमवर घ्यायचं तर स्पेसिफिकेशनला कमिटी हवी, कमिटीतले एक सर परदेशात. तोपर्यंत त्याचं स्वतःचं अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपून परत नवीन झालं, तर फाइलवर विचारणा आली की मागणी करणारा कर्मचारी सध्या सेवेत आहे का.

"आणि ती जुनी यादी?" मी विचारलं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "मी म्हटलं होतं बंद राहू द्या, डिरेक्टरी नीट उठवतो, रविवारपर्यंत होईल. वरून फोन आला. सोमवारी रिव्ह्यू कमिटी येतीये, काहीही कर, चालू दिसलं पाहिजे."

"दिसलं," स्नेहा म्हणाली. "कमिटीला छान दिसलं."

प्रकाशने घसा साफ केला आणि म्हणाला की त्याला कंत्राटी पद्धतीबद्दल म्हणायचं होतं, व्यक्तीबद्दल नाही. कुणी काही बोललं नाही. सागरने क्रीमरोल खाल्ला, फोन उचलला, "सर, ब्राउझर बंद करून परत उघडा," असं म्हणत परत गेटातून आत गेला.

यानंतर गंभीरपणे काय करायचं यावर बोलणं झालं असतं. स्नेहाचं म्हणणं होतं की सगळ्यांनी मिळून लिहून द्यायचं, मेल नको, कागदावर, आवक शिक्का मारून, शुक्रवार ते सोमवार परत गेलेल्या मेलचा लॉग प्रत्येकाला द्या म्हणून. कुणाच्या कुठल्या पत्त्यावरच्या मेल नाकारल्या ते सगळं लॉगमध्ये असतं, म्हणजे निदान आपण होऊन त्यांना लिहिता तरी येईल. मुद्दा चांगला होता, मी कागदही काढला होता. पण पम्या एकदम म्हणाला, "लॉग नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

आता पम्या कुठलीही गोष्ट नको म्हणाला की ती बाहेर काढल्याशिवाय या कट्ट्यावरून कुणी उठत नाही. काकासुद्धा थांबले. बरीच ओढाताण झाल्यावर निघालं ते असं. पम्याचं कोल्हापूरला बघण्याचं चाललंय. मुलीच्या वडिलांनी सांगितलं होतं, तुमचा संस्थेचा मेल द्या, हल्ली फसवाफसवी फार होते. पम्याने छाती फुगवून दिला. शनिवारी त्यांनी मेल केली, साधीच, पत्रिका आणि दोन ओळी. आणि आमच्या नामांकित संस्थेच्या सर्व्हरने त्यांना ताबडतोब लेखी कळवलं की असा कोणी माणूस इथे नाही.

काका खारीचा तुकडा घशात अडकून खोकायला लागले. मामा हसता हसता स्टोव्हपासून लांब झाले. स्नेहा हसत नव्हती, ती रडत होती, डोळ्यातून पाणी.

"त्यांनी फोन केला मध्यस्थाला," पम्या केविलवाणा होऊन म्हणाला, "की मुलगा पीएचडी करतो म्हणता पण संस्थाच नाही म्हणतीये."

"अरे मग प्रकाशला सांग ना लिहायला! तोच एकटा आहे अधिकृत!"

आणि गंमत म्हणजे प्रकाशने लगेच फोन काढला, खरंच, मनापासून, इतक्या वेळात पहिल्यांदाच कुणी त्याला काही विचारलं होतं. "सांग पत्ता. काय लिहू?"

"लिही की मुलगा आहे."

"आहे, पुढे?"

"पुढे उधारीचं लिहू नको," मामा म्हणाले, "ते मी साताऱ्याहून पाठवतो."