परदेशी विक्रेत्याने फसवलं असेल तर त्याच्याशी मेलामेली थांबवा आणि बँकेकडे जा

परदेशी वेबसाइटवरून काहीतरी मागवलं, पैसे कापले गेले आणि वस्तू आलीच नाही. किंवा फोटोत एक होती आणि पाकिटातून भलतंच काहीतरी निघालं. अशा लोकांचे मेसेज मला सारखे येतात आणि जवळपास प्रत्येकात हे वाक्य असतंच: 'त्यांना मेल केलाय, थोडं थांबा म्हणतात.' हे वाचलं की जीव तुटतो. थांबायला ते मुद्दाम सांगत असतात.

कार्डाने पैसे भरले असतील तर ते परत मिळवायचा रस्ता तुमच्या बँकेतून जातो. याला चार्जबॅक म्हणतात. तुम्ही बँकेत डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहाराविरुद्ध तक्रार, नोंदवता, बँक व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या यंत्रणेमार्फत विक्रेत्याच्या बँकेकडे पैसे मागते आणि मग विक्रेत्याला पुराव्यानिशी आपली बाजू मांडावी लागते. विक्रेता गाशा गुंडाळून पळाला असला, तरी त्याच्यासाठी कार्डाचे पैसे स्वीकारणारी बँक जागेवरच असते आणि जबाबदारी तिच्या गळ्यात पडते. म्हणून 'तो परदेशात बसलाय, आता काय मिळणार' असं म्हणून कृपा करून हातपाय गाळू नका.

मात्र याला मुदत आहे. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत ती साधारण १२० दिवसांची असते. वस्तू मिळालीच नसेल तर ती ज्या दिवशी मिळायला हवी होती, तिथपासून दिवस मोजले जातात. तुमच्या बँकेची मुदत याहून कमी असू शकते, म्हणून पहिल्याच फोनवर ती विचारून घ्या. पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेतून पैसे दिले असतील, तर भरल्यापासून १८० दिवसांत तिथे तक्रार करता येते.

आता विक्रेत्याची गोड उत्तरं या मुदतीशेजारी ठेवून बघा. आधी 'कस्टम्समध्ये अडकलंय.' मग 'पुन्हा पाठवतो.' मग 'वस्तू ठेवून घ्या, १५ टक्के परत देतो.' तुम्ही नाही म्हटलं की २५, मग ४०. तेही नको म्हटलं की 'वस्तू परत पाठवा', आणि पत्ता असा की पोस्टाचा खर्च वस्तूच्या किमतीहून जास्त. यातलं प्रत्येक उत्तर तुमचे काही दिवस खातं. सगळ्यात वाईट डाव म्हणजे 'आधी तक्रार मागे घ्या, लगेच रिफंड करतो.' पेपालवर एकदा बंद केलेला डिस्प्यूट पुन्हा उघडता येत नाही. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय तक्रार मागे घेऊ नका.

विक्रेत्याला मेल लिहायचा तो एकच, आणि तोही बँकेला दाखवण्यासाठी. काय मागवलं, काय आलं, पूर्ण रिफंड हवा, अमुक तारखेपर्यंत. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर 'परत पाठवायला तयार आहे, पूर्ण पत्ता द्या' हे वाक्य हवंच. तुम्ही परत करायचा प्रयत्न केला होता का, हे बँक विचारते. त्या मेलमध्ये राग, शिव्या, धमक्या काही नको.

पुरावे मात्र त्याच दिवशी गोळा करा, कारण अशी दुकानं एका रात्रीत गायब होतात. वस्तूच्या पानाचा, वर्णनाचा, रिटर्नच्या अटींचा स्क्रीनशॉट काढा. तेच पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरही, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, जतन करून ठेवा. जे आलं त्याचे फोटो काढा, लेबल आणि पाकिटासकट.

ट्रॅकिंगमधली चलाखी अनेकांना माहीत नसते. महागडी वस्तू मागवली असेल तर हे लोक एखादं फुटकळ पाकीट पाठवतात, कधी तुमच्या पत्त्यावर, तर कधी तुमच्याच शहरातल्या भलत्याच पत्त्यावर. ट्रॅकिंग 'डिलिव्हर्ड' दाखवतं आणि तोच त्यांचा पुरावा होतो. अशा वेळी पोस्ट किंवा कुरिअर कंपनीकडून पाकिटाचं वजन आणि ते तुमच्या पत्त्यावर दिलं गेलं की नाही, एवढं लेखी मागा. दोन किलोच्या यंत्राऐवजी वीस ग्रॅमचं पाकीट आलं, हे कागदावर दिसलं की विक्रेत्याचं म्हणणं तिथेच कोसळतं.

डिस्प्यूट नोंदवतानाच कार्ड ब्लॉक करून नवीन मागवा, तुमचा नंबर एका ठगाकडे आहे. त्या साइटवर दिलेला पासवर्ड आणखी कुठे वापरत असाल तर तिथेही बदला.

बँक ट्रान्सफर, क्रिप्टो किंवा पेपालच्या 'फ्रेंड्स अँड फॅमिली' (ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या) मार्गाने पैसे पाठवले असतील, तर खोटी आशा दाखवणं मला जमणार नाही. तिथे असं संरक्षण नाही. तरीही बँकेला ताबडतोब फोन करा. पैसे पुढे सरकले नसतील तर कधी कधी अडवता येतात.

यानंतर हमखास कोणीतरी भेटतो, तुमचे पैसे सोडवून देणारा 'रिकव्हरी एजंट'. आधी थोडी फी मागतो. ही दुसरी फसवणूक आहे, आणि अनेकदा त्याच टोळीची. त्याला उत्तरही देऊ नका.

रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ही दुकानं तुमच्या त्या गप्प बसण्यावरच चालतात. कार्ड कंपन्या प्रत्येक विक्रेत्याच्या चार्जबॅकचं प्रमाण मोजतात आणि ते वाढलं की त्याची कार्ड घेण्याची सोय जाऊ शकते. पोलिसांकडे नोंदवाच, शिवाय २००१ पासून चालू असलेल्या 'ईकन्झ्युमर डॉट गव्ह' या आंतरराष्ट्रीय साइटवरही तक्रार टाका. तिथून तुमचे पैसे मिळणार नाहीत, पण वेगवेगळ्या देशांच्या ग्राहक संरक्षण यंत्रणा त्या तक्रारी पाहतात.

बँकेला काय लिहायचं हे सुचत नसेल तर मला मेसेज करा, मजकूर मिळून लिहू. कार्ड नंबर आणि ओटीपी मात्र मलाही पाठवू नका.