निवृत्तीचा नारळ आणि टोपडं

मिग-21 आणि मी एकाच वर्षी निवृत्त झालो. त्याला 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडमध्ये वाजतगाजत निरोप मिळाला. मला ओझरच्या विमान कारखान्यात शाल, गुच्छ आणि नारळ मिळाला. शाल बायकोनं कपाटात टाकली, गुच्छ तीन दिवसांत वाळला, नारळ देवघरात जाऊन बसला. त्या नारळाचं पुढे काम पडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

थंडीच्या तोंडावर लेक पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आली. ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच आईनं (वय 84, मुक्काम खिडकीजवळची कॉट) फर्मान काढलं, "बाळंतविडा घरीच शिवायचा. झबली, टोपडी, दुपटी, कुंची, सगळं. विकतचं ते टोचरं काही माझ्या पणतवंडाला नको." पण आईचे हात आता थरथरतात. बायको शाळेत मुख्याध्यापिका. संध्याकाळी घरी आल्यावर तिला माणसांशी बोलायचाही कंटाळा येतो. राहता राहिलो मी. "सुखोईची जोडणी केलेला माणूस मी. दोन बाह्या नि एक गळा जोडायला असा कितीसा वेळ लागतो?" असं मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, हे चुकलंच.

माळ्यावरून आईचं पायमशीन उतरवलं. काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, तीही निम्मी पुसलेली. पहिले तीन दिवस मी काहीच शिवलं नाही. फिटरच्या हाती जुनं मशीन लागलं की त्याची दिवाळी असते. शटल काढलं, बॉबिन केस काढली, खालच्या दात्यांत अडकलेला वीस वर्षांचा कापूस दाढेतल्या सुपारीसारखा टोकरून काढला. त्यात एक निळा धागा निघाला. लेकीच्या शाळेच्या गणवेशाचा. तो मी खिशात टाकला. चामड्याचा पट्टा सैल झाला होता, तो बोटभर कापून पुन्हा आकडा मारला. तेल सोडलं, जरा सढळ हातानं. पहिल्या झबल्याला कारखान्याचा वास येत होता, असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे. मला तर छान वाटला.

चाक आपल्या बाजूला फिरवायचं, एवढा साधा नियम. पण पायडलवर पाय पडला की चाक नेमकं उलटं पळायचं. कापडाखाली दोऱ्याचं असं जाळं झालं की कोळ्यानं येऊन शिकावं. गुंता खाली म्हणून मी अर्धा तास खालची बॉबिन काढतोय, घालतोय. शेवटी कॉटवरून आवाज आला, "अरे, गुंता खाली दिसतो, पण खोड वरच्या दोऱ्याची असते. वरचा काढून परत ओव." ओवला. टीप सरळ पडली. दोष शोधण्याचा पगार मी 37 वर्षं घेतला. आईनं तो जागचं न हलता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी, फुकटात शोधला.

मग कापड. नाशिकच्या रविवार कारंजापाशी गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ गेला त्यात एक दुपटं झालं असतं. मेन रोडच्या दुकानात शिरलो.

"मलमल दाखवा."

"केवढी देऊ?"

"झबली शिवायचीत."

"बाळ केवढं आहे?"

"अजून व्हायचंय."

दुकानदारानं माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग माझ्या मागे पाहिलं, कुणी बाईमाणूस आहे का म्हणून. शेजारच्या गिऱ्हाईक काकूंना राहवेना. "सुई कितीची लावलीय?" 16 ची, मी म्हणालो. "अग्गोबाई, मलमलीला 16? भोकं पडतील. 11 ची घ्या." यावर दुकानातल्या तमाम महिलावर्गाचं एकमत झालं. कुणी गोट कसा घालायचा ते सांगितलं, कुणी बंद किती लांब ठेवायचे ते. एकीनं बजावलं, "आणि कापड आधी भिजवून घ्या हं." एवढं एकच मी विसरलो.

कारखान्यात ड्रॉइंगवर जे माप, ते माप. तेव्हा मी कागदावर रीतसर ड्रॉइंग काढलं, 0.02 मिलिमीटर दाखवणारा व्हर्नियर काढला आणि बरोब्बर मापात कापड कापलं. शिलाईसाठी कापड सोडायचं असतं, हे ड्रॉइंगमध्ये कुठून येणार? त्यात धुतल्यावर ते आणखी आटलं. आईनं झबलं हातात घेऊन उलटंपालटं केलं. तिचं माप एक वीत आणि चार बोटं, तेही डोळे मिटून. "बाळकृष्णाला होईल," ती म्हणाली. मला वाटलं, टोमणा आहे. दुसऱ्या दिवशी देवघरात पाहतो तर बाळकृष्ण खरंच माझं झबलं घालून बसले होते. बगलेत जरा दाटत होतं.

टोपड्याच्या वेळी सावध झालो. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर असतो. पण टोपडं बसवून बघायला डोकं हवं ना! मी देवघरातला नारळ उतरवला. टेप लावला: 36. सेवानिवृत्तीला मिळालेली वस्तू इतकी उपयोगी पडलेला माणूस विरळा. रोज संध्याकाळी मी नारळाला मांडीवर घेऊन टोपडं चढवायचो, शेंडी आत सारायचो, हनुवटीखाली बंद बांधायचो. नारळाला हनुवटी नसते, ती मी अंदाजानं धरायचो. बायको शाळेतून आली, तिनं हे पाहिलं आणि चपला न काढताच म्हणाली, "अहो, वॉचमनची जागा आहे म्हणत होते सोसायटीत."

कुंचीला मात्र माझा हात चालेना. आईनं ट्रंकेतून तिची येवल्याची पैठणी काढायला लावली. मधलं अंग घडीवर विरून गेलेलं, पण काठ कालच मागावरून उतरल्यासारखे. "काप," आई म्हणाली. बायको म्हणाली, "आई, अहो, पैठणी आहे!" कात्री माझ्या हातात, आणि पहिल्यांदाच माझा हात आईच्या हातासारखा हलत होता. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. दोन थरथरते हात एकत्र आले तर कात्री सरळ चालते, हे कुठल्या यंत्रशास्त्रात बसतं मला ठाऊक नाही. कुंचीची पाठ डावीकडे बोटभर तिरकी झाली आहे. ती उसवायची नाही, असं आईनं ठरवलं.

बाळ झालं, मुलगी. आणि मग आईनं शांतपणे जाहीर केलं की बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालायचं नसतं; माझ्या वडिलांच्या जुन्या धोतराची झबली तिनं केव्हाच शेजारणीकडून बेतून घेतली होती. म्हणजे ती मलमल, त्या काकू, ती 11 ची सुई...

उरलेल्या मलमलीच्या मी झालरी केल्या. पाळण्याला, उशांच्या अभ्र्यांना, टीव्हीला, फिल्टरला. सध्या घरात झालर नाही अशी एकच वस्तू आहे, गॅसचा सिलिंडर, आणि माझी नजर तिकडे वळली की बायको मध्ये येऊन उभी राहते.

बाराव्या दिवशी विहीणबाईंनी कुंचीवरून हात फिरवला. "हा तिरका कट मुद्दाम दिलाय का? छान पडतो हो!" मी नम्रपणे मान हलवली. तेवढ्यात टोपडं घसरून नातीच्या नाकापर्यंत आलं. पोरगी जन्मल्यापासून पहिल्यांदा सलग तीन तास झोपली.

आईनं कॉटवरून टोपडं निरखलं. "नारळाचं माप घेतलंस, चुकलंच ते," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या वेळी मोसंबं घे."

"दुसऱ्याच्या?" लेक पाळण्याची दोरी सोडून ओरडली.