हिरवं व्हायचंय? आधी ॲडमिशन घ्या

पृथ्वी वाचवायची मनापासून इच्छा असेल तर सगळ्यात आधी चांगल्या घरात जन्म घ्या. ते राहून गेलं असेल तर निदान नामांकित युनिव्हर्सिटीत ॲडमिशन तरी घ्या, लोन काढून का होईना, कारण परवडत नाही म्हणून न घेणं आणि 'मिनिमलिस्ट' असणं यातला फरक डिग्रीशिवाय कळत नाही. दहा वर्षं एकच स्वेटर घालणारा माणूस नुसता गरीब असतो हो, त्याच्यावर थिसिस लिहिणारा सस्टेनेबल.

मग पिशवी. कापडीच हवी, त्यातही ऑरगॅनिक कॉटनची. आता डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशोब मांडला की पाण्यापासून हवेपर्यंत सगळे परिणाम धरले तर साध्या प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला ही पिशवी २०,००० वेळा वापरावी लागते, म्हणजे रोज एकदा धरली तरी जवळपास ५५ वर्षं. पण तुम्ही टेन्शन घेऊ नका, प्रत्येक कॉन्फरन्समध्ये नवीन मिळतेच. दारामागच्या खुंटीला अशा डझनभर पिशव्या एकीवर एक लटकलेल्या, प्रत्येकीवर हिरवं पान, खाली वर्ष, आणि आतमध्ये गेल्या कॉन्फरन्सचं न उघडलेलं ब्रोशर, असं दिसलं की ओळखायचं, घर अभ्यासू माणसाचं आहे.

आणि कॉन्फरन्सला विमानानेच जायचं. हवामानबदलावर पंधरा मिनिटं बोलायला समुद्र ओलांडल्याशिवाय सीव्हीला वजन येत नाही, वजन नाही तर प्रमोशन नाही. तिथे पोचल्यावर मात्र प्लास्टिकचा स्ट्रॉ बघून चेहरा पडला पाहिजे, याची आधी आरशासमोर प्रॅक्टिस करा.

स्वतःचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या जगण्यामुळे हवेत किती कार्बन जातो तो आकडा, रोज मोजा. ही सवय जगाला लावण्यात मोठा हात बीपी या तेल कंपनीच्या २००४-०५ च्या सुमाराच्या जाहिरातींचा आहे, आणि पृथ्वीची काळजी तेलवाल्यांपेक्षा जास्त कोणाला असणार!

बाकी वर्गात 'क्लायमेट जस्टिस' शिकवणारे सर तासिका तत्त्वावर आहेत, सुट्टीत पगार नाही, बस बदलत दोन-तीन कॉलेजं करतात, विमान, गाडी, एसी काहीच नाही. म्हणजे डिपार्टमेंटमध्ये सगळ्यात कमी कार्बन त्यांचाच, पण ते सांगू नका त्यांना, उगाच पर्मनंट करा म्हणतील. ग्रीन कॅम्पसचा सत्कार डीनचाच होऊ दे, त्यांनी सोलर पॅनलसमोर फोटो काढलाय.

राहिला कचरा. तीन रंगांचे तीन डबे ठेवा, कॉफीचा कप कुठल्या डब्यात यावर मीटिंग घ्या, मिनिट्स लिहा. संध्याकाळी सफाईवाल्या मावशी तिन्ही डबे एकाच काळ्या पिशवीत उलटे करतात कारण मागच्या बाजूला कंटेनर एकच आहे, तिकडे लक्ष द्यायचं नाही. फारच खटकलं तर मावशींसाठी अवेअरनेस वर्कशॉप ठेवा, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, आणि हजेरी सक्तीची करा.