पाच फूट आठ

माझी उंची पाच फूट आठ इंच आहे, असं माझ्या लग्नाच्या वेळच्या माहितीपत्रकात लिहिलंय. लिहिलं बाबांनी. मी तेव्हा म्हटलं होतं, "बाबा, सहाच आहे." बाबा म्हणाले, "दोन इंच केसांचे धर. फुटपट्टी घेऊन कोण येतंय?" पुढे केस गेले, इंच तेवढे राहिले. एकोणीस वर्षांच्या संसारात ते कुणाला नडले नाहीत. नडले ते सायकल घेताना.

सायकलचं खूळ भाच्यामुळे शिरलं. तो पणजीला असतो. एका रविवारी मिरामारला भेटला, तेव्हा कठड्याला एक सायकल टेकवून उभा होता. तिला गिअर नव्हते, कॅरिअर नव्हतं, मडगार्ड नव्हती, स्टँड नव्हता, घंटीसुद्धा नव्हती. मी हळहळून विचारलं, "सगळंच चोरीला गेलं रे?"

"मामा, फिक्सी आहे ही."

मग त्याने समजावलं. आपल्या साध्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पेडल थांबवलं तरी चाक टिकटिक करत पुढे जातं. हिच्यात ते नसतं, मागचं दातेरी चक्र हबवर घट्ट आवळलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार आणि पेडल फिरतंय तोवर तुमचे पाय. ट्रॅकवर शर्यती खेळणाऱ्यांची ही सायकल, त्यांना तर ब्रेकही लागत नाहीत. म्हणजे सुशेगाद बसून उतार उतरण्याचं जे एकमेव सुख सायकलीत असतं, तेच काढून घेतलेली सायकल.

मला ती तिथल्या तिथे आवडली, आणि त्याला कारण होतं. जूनपासून चार महिने आमच्याकडे कपाटात टांगलेल्या पट्ट्यालाही बुरशी येते. जितके सुटे भाग कमी तितका गंज कमी. शिवाय किंमत 13,999. भाचा म्हणाला, "तू फोंड्याला राहतोस, तुला चढ-उतार आहेत. विचार कर." त्याचं ठीक आहे. पाटोपासून रायबंदरपर्यंत पोर्तुगीजांनी 17व्या शतकात बांधलेल्या बांधावरून तो फिरतो. तिथे चढ शोधायचा तर गतिरोधकावर थांबावं लागतं.

पुढचे पंधरा दिवस मी मोबाइलमध्ये होतो. मी पतसंस्थेत हिशेब बघतो, त्यामुळे आकडे दिसले की मला भूक लागते, आणि या सायकलीत आकडे भरपूर. पुढे किती दाते, मागे किती? फिक्सीवाली पोरं पाय रोखून मागचं चाक घसरवत थांबतात. पाय दरवेळी एकाच स्थितीत अडवले जातात, म्हणून टायरही ठरावीक जागीच घासतो. पुढे 48 आणि मागे 16 दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर 3 फेरे, म्हणजे टायर कायम एकाच जागी घासून भोक पडायचं. 46 ला 16 असतील तर मसावि 2, सोळा भागिले दोन, आठ जागा. आणि 46 ला 17 असतील तर चक्क सतरा जागा! सातवीत शिकलेल्या मसाविचा आयुष्यात प्रथमच उपयोग दिसला म्हणून मी हे बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण तुम्ही चाक घसरवणार आहात का?"

नव्हतो. तरी माहिती असलेली बरी.

खरी गोची साइजपाशी झाली. दुकानात माणूस सायकलवर टांग टाकतो आणि त्याला कळतं. ऑनलाइन टांग टाकता येत नाही. तिथे फक्त लिहिलेलं असतं: 52, 56. हे सेंटीमीटर सीटखालच्या नळीचे. पण ते कुठून कुठपर्यंत? एक कंपनी पेडलच्या आसापासून आडव्या दांड्याच्या मध्यापर्यंत मोजते, दुसरी नळीच्या वरच्या टोकापर्यंत. त्यात दोन-तीन सेंटीमीटर सहज इकडचे तिकडे होतात. चाक म्हणे 700 चं. मी शोधलं, त्या चाकात 700 कुठेही नाही. टायर बसतो तिथे रिमचा व्यास 622 मिलिमीटर. एवढा घोळ आमच्या पतसंस्थेने केला असता तर ऑडिटरने आम्हाला फाडून खाल्लं असतं.

जाणकार सांगतात, उंचीवर जाऊ नका, पायांची आतली लांबी मोजा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाडसं पुस्तक दोन पायांमध्ये घोड्यावर बसल्यासारखं वर दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. त्याला 0.65 ते 0.67 ने गुणलं की फ्रेमचा साधारण आकडा येतो. 0.883 ने गुणलं की पेडलच्या आसापासून सीटची उंची.

मी शब्दकोश काढला. आईने पाहिलं. "सरस्वती ती! कुठे धरतोस तिला?" शब्दकोश गेला. लेक स्वयंपाकघरातून पोळपाट घेऊन आली, तर बायकोने तिलाच फटकारलं, "त्यावर पोळ्या कोण खाणार मग?" तेवढ्यात अंगणातून हाक आली. कुंपणाची भिंत पावसात बसली होती, तिला चिरे लावायला मेस्त आला होता. त्याच्या हातात पाणसळ होती. सरळ, जाड, दोन फुटी, वर मधोमध पाण्याचा बुडबुडा. पुस्तकापेक्षा शंभर पटींनी शास्त्रीय.

मेस्ताने काम फार मनावर घेतलं. "बाब, पांय मातशे पयस करात," म्हणत त्याने पाणसळ जागेवर नेली, बुडबुडा मध्यावर येईपर्यंत वर दाबली (इतकी गरज नव्हती), कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर खूण केली, टेप लावला आणि पागोळ्यांखाली उभ्या असलेल्या समस्त कुटुंबाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एकतीस आनी दोन सूत!"

एकतीस इंच दोन सूत म्हणजे 79.4 सेंटीमीटर. गुणाकार केला. 51.6 ते 53.2. म्हणजे 52 ची फ्रेम. इतका स्वच्छ हिशेब मार्चअखेरलाही लागत नाही. मी मोबाइल उचलला.

नेमकी बायको खांद्यावरून वाकली. कंपनीचा उंचीचा तक्ता पडद्यावर होता. 5 फूट 5 ते 5 फूट 7 यांना 52, आणि 5 फूट 8 ते 5 फूट 11 यांना 56.

"तुम्ही पाच-आठ ना?" ती म्हणाली. अगदी सहज. "का मेस्त आहेच, तर उंचीपण घेऊया मोजून?"

मेस्त टेप उघडून उभाच होता. पलीकडे आरामखुर्चीत बाबा वर्तमानपत्र वाचत होते, ते त्यांनी चेहऱ्यासमोर जरा जास्तच उंच धरलं.

मी 56 वर बोट ठेवलं.

सायकल आली चवथीच्या दोन दिवस आधी. पार्सलवाल्या पोराने तीन वेळा फोन केला. मी सांगितलं, "ढवळीला या, आंब्याच्या झाडाखाली घर." तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, यहां सबका घर आम के पेड के नीचे है." शेवटी लेक रस्त्यावर उभी राहिली. खोकं एवढं मोठं की ते दारातून आत येताना आईने विचारलं, "फ्रिज घेतलास?"

पुढचं चाक, हँडल, सीट आणि पेडलं आपणच लावायची होती. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे मी वाचलं होतं आणि तरीही वीस मिनिटं सुलटा फिरवत बसलो. दुसरं पेडल उजव्या बाजूला मुकाट बसलं तेव्हा मला वाटलं, आपल्यात काही दोष नाही, डावं पेडलच मुळात हट्टी आहे. मागच्या चाकाच्या नटांना 15 नंबरचा पाना लागतो. तो घरात नव्हता, मेस्ताकडे होता. आमच्या भिंतीचा एक चिरा त्या दिवशी वाढला नाही.

संध्याकाळी अंगणात उद्घाटन. मी टांग टाकली. माझ्या पायांची लांबी 79.4, बुटांचे दोन सेंटीमीटर, एकूण 81.4. दांडा जमिनीपासून 82.5 वर. उरलेला एक सेंटीमीटर कागदावर किती छोटा दिसतो! मी टाचा उचलून, चेहरा निर्विकार ठेवून, बॅले नर्तकासारखा उभा होतो.

"उतरा की," बायको म्हणाली.

उतरण्यापेक्षा पुढे जाणं सुरक्षित होतं. जोर मारला. सायकल निघाली, छान निघाली. एका पेडलला सहा मीटर जाते ती, आणि आमचं अंगण तेवढंच आहे. समोर तुळशी वृंदावन आलं. मी हँडल वळवलं आणि सवयीने पाय थांबवले. पाय थांबले, पेडल थांबलं नाही. त्याने माझा उजवा पाय खालून वर असा उचलला, जसा हमाल पोतं उचलतो. तो पुढे येईपर्यंत पुढचं चाक तिरकं झालेलं, बुटाचं टोक टायरला अडलं. या सायकलींत वळताना पाय आणि चाक एकमेकांना भेटतात, हे मी वाचलं होतं. साध्या सायकलीवर माणूस पेडल मागे घेऊन पाय सोडवतो, इथे ती सोय नाही, हेही वाचलं होतं. वृंदावनाच्या चौथऱ्यावर बसल्या बसल्या सगळं वाचलेलं आठवत गेलं.

"पायडल रावना मरे!" मेस्त थक्क होऊन म्हणाला. मग सायकल उचलून, मागचं चाक हवेत फिरवून, पेडल आपोआप फिरताना त्याने बराच वेळ पाहिलं. त्याला ती भुताटकी आवडली असावी.

रात्रभर विचार करून ठरवलं, परत करायची. सात दिवसांची मुदत होती. अट एकच, मूळ खोकं न कापता, न फाडता.

सकाळी खोकं शोधलं. ते हॉलमध्ये होतं. लेकीने आणि तिच्या आईने रात्रीत त्याचं मखर केलं होतं. शाळेत थर्माकोल नको म्हणून सांगतात, आमच्या घरात पर्यावरण नेमकं त्याच रात्री जागं झालं. पुढच्या बाजूला महिरप कापलेली, गेरू लावलेला, वर सोनेरी कागद. मागे एका कोपऱ्यात 'ही बाजू वर' असा बाण तेवढा दिसत होता, आणि तो बरोबर वर होता. छताला माटोळी बांधून झाली होती. सुपारीचे घड, तोरिंगं, आंबाडे, चिबूड. आमचा गणपती पाच दिवसांचा.

कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, खोक्याचा फोटो पाठवा. दुसऱ्या दिवशी पाठवला. तोवर मूर्ती बसली होती, समया लागल्या होत्या, पुढे नेवऱ्यांचं ताट. अर्ध्या तासाने उत्तर आलं: "गणपती बाप्पा मोरया, सर. पण बॉक्स कट आहे."

मग मी माघार घ्यायची नाही असं ठरवलं. विसर्जन झाल्यावर एका सकाळी फर्मागुडीची चढण चढलो. चढलो म्हणजे सायकल हातात धरून चाललो. आपण दोघे एकत्र दिसावं एवढाच उद्देश. वर गोपाळ गणपतीला हात जोडले आणि म्हार्दोळच्या बाजूने उताराला लागलो. ताशी 30 किलोमीटरला या सायकलीवर मिनिटाला 83 फेरे मारावे लागतात, ते मी घरीच काढून ठेवलं होतं. 40 ला 110. पण हे गणित सायकलस्वार पाय मारतो असं धरून केलेलं होतं. उतारावर सायकल मारते. गुडघे हनुवटीपाशी येऊन जाऊ लागले. दोन्ही ब्रेक दाबले, पण पावसाने रिम ओली, तिने ब्रेकचं म्हणणं ऐकून घेतलं आणि विचार करते म्हणाली. म्हार्दोळला देवळाजवळ जायांच्या माळा घेऊन बसलेल्या बायकांपैकी एकीने मला येताना पाहिलं आणि टोपली उचलून मांडीवर घेतली. परत येताना मी बसने आलो. सायकल टपावर.

मागच्या चाकाच्या हबला दोन बाजू असतात, हे मला फोंड्याच्या सायकलवाल्याने दाखवलं. एका बाजूला पक्कं चक्र, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. चाक काढून उलटं बसवायचं, झालं. टूर द फ्रान्समध्ये 1937 साली गिअर बदलायची यंत्रणा चालू दिली, त्याआधी शर्यतीतले लोक घाटाच्या पायथ्याशी उतरून असंच चाक उलटं करायचे. माझ्या पंधरा दिवसांच्या वाचनात हेही होतं, फक्त ते माझ्या सायकलीला लागू आहे हे वाचायचं राहून गेलं. त्याने दहा मिनिटांत चाक फिरवून दिलं. सायकल टिकटिक करू लागली. दांडा मात्र होता तिथेच.

ती महिनाभर बाल्कावापाशी, म्हणजे दारापुढच्या ओसरीपाशी, टेकून उभी राहिली. एके दिवशी बाबा तिच्याजवळ गेले. बाबा पाच फूट दहा, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीही. लहानपणी दांड्याखालून पाय घालून अर्धं पेडल मारत शिकलेले. त्यांनी सीटखालची नळी वीत लावून मोजली, दोन वेळा, आणि म्हणाले, "अरे, ही तर बावीस इंची आहे."

"56 सेंटीमीटर," मी म्हटलं.

"बावीस इंची."

मी मनात गुणलं. बावीस गुणिले 2.54. पंचावन्न पॉइंट अठ्ठ्याऐंशी.

बाबांनी टांग टाकली. दांडा आणि त्यांच्यामध्ये दोन बोटं अंतर राहिलं. फाटकातून बाहेर पडले आणि पाववाल्या पोदेराचा पों पों ऐकू आला त्या दिशेने गेले. बायको पायरीवर उभी राहून बघत होती.

"बाबांना अगदी मापाची आहे हो," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुमचं माहितीपत्रक कुणी लिहिलं होतं?"

आता रोज सकाळी बाबाच पाव आणतात. काल मी विचारलं, आज मी जाऊ का? त्यांनी हँडलला पिशवी अडकवली.

"सीट वर केलंय मी," ते म्हणाले. "तुझे पाय नाही पोचायचे."