ड्रायसूटमधली हवा आपोआप निघते? अर्धंच खरं

ड्रायसूट म्हणजे थंड पाण्यात डुबकी मारताना घालायचा, आत पाणी न शिरू देणारा, हवा भरलेला पोशाख. नाशिकच्या पोहणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतंय : "ड्रायसूटचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा, वर येताना हवा आपोआप निघते." निघते, पण व्हॉल्व्ह (हवा बाहेर सोडणारी झडप) सर्वांत उंच असेल तरच. तो बहुतेक सूटांत डाव्या दंडावर असतो. आडवे पोहत राहिलात तर हवा पाठीत नाहीतर पायांत साठते आणि व्हॉल्व्ह नुसता शोभेला. उभं व्हायचं, डावं कोपर खांद्याच्या वर न्यायचं, मनगट खाली सैल सोडायचं. दंडाशी बुडबुडे फुटू लागतात. १० मीटरवरची हवा पृष्ठभागाशी दुप्पट होते, म्हणून आधीपासूनच थोडी थोडी सोडायची. पाय वर गेलेच तर गुडघे पोटाशी घेऊन डोंबाऱ्यासारखी कोलांटी! गंगापूर धरणावर ड्रायसूट कोण घालतंय म्हणा. पण आइसलंडच्या सिल्फ्रात, म्हणजे पाण्याने भरलेल्या, डुबकीसाठी प्रसिद्ध भेगेत, पाणी २ ते ४ अंश असतं.