‘मिलिमीटरचा बाऊ’ म्हणणाऱ्या वाचकास

गुडघ्यातलं तुटलेलं एसीएल (मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणारं लिगामेंट) बदलताना नवा दोर, म्हणजे ग्राफ्ट, हाडांत पाडलेल्या बोगद्यांत बसवतात. मांडीच्या हाडातला बोगदा मूळ लिगामेंटच्याच जागी हवा, चार-पाच मिलिमीटरही महागात पडतात, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मतभेदाला माझी हरकत कधीच नव्हती. पण ‘चार-पाच मिलिमीटरचा बाऊ करून पेशंटला घाबरवणं हे पुस्तकी डॉक्टरांचं लक्षण’ हा मुद्दा नव्हे, शेरा आहे. ज्याला कधी भेटला नाहीत त्याला पुस्तकी ठरवायची एवढी घाई कशाला?

एक मान्य. मांडीच्या हाडातल्या बोगद्याची जागा मी घड्याळाच्या काट्यांवर सांगितली, ती रीत ढोबळच. गुडघा किती वाकवलाय त्यावर दहाचे अकरा होतात, आणि खोली त्यात कळतच नाही. हाडावरच्या कंगोऱ्याची खूण द्यायला हवी होती.

आता तुमचे मिलिमीटर. एसीएलच्या जागी बसवायचा ग्राफ्ट 8 मिलिमीटर जाडीचा धरा. पाच मिलिमीटर म्हणजे त्याची निम्म्याहून जास्त जाडी! आणि हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीची काही वर्षं मी शिकवल्याप्रमाणे नडगीच्या बोगद्यातूनच वरचा बोगदा पाडायचो. खालचा बोगदा जिकडे नेईल तिकडेच ड्रिल जातं, त्यामुळे वरचं तोंड बरेचदा मांडीच्या हाडातल्या खाचेच्या छताकडे सरकतं. असाच एक पेशंट वर्षभराने परत आला. सरळ चालताना काही त्रास नाही, वळला की गुडघा निसटायचा. भूल दिल्यावर पाय आत वळवून, बाहेरून दाब देत हळूहळू वाकवला, तर तिसेक अंशांवर नडगी खट्‌कन मागे सरकली. दुर्बिणीतून पाहिलं तर ग्राफ्ट शाबूत, चकचकीत, ताणलेला, पण खांबासारखा उभा. मूळ लिगामेंटची जागा शेजारी उघडी पडलेली. पुढे-मागे सरकणं त्या ग्राफ्टने थोपवलं होतं, पीळ थोपवला नव्हता. तो बोगदा माझ्याच हातचा होता. अशा माणसाला तुम्ही पुस्तकी म्हणता.

डेन्मार्कच्या एसीएल शस्त्रक्रियांच्या नोंदींत नव्या पद्धतीने, म्हणजे नडगीच्या बोगद्यातून न जाता गुडघ्याच्या पुढच्या छिद्रातून, वरचा बोगदा पाडलेल्यांच्या फेरशस्त्रक्रिया जास्त निघाल्या, हे 2013 पासून माहीत आहे. माझ्या मते तो नवी पद्धत हातात बसण्याचा काळ होता, आणि त्यावरून मूळ जागा चुकीची ठरली असं होत नाही. व्यायामावर लिहिलं नाही म्हणता, तो त्या लेखाचा विषयच नव्हता.

राहिली घाबरवण्याची गोष्ट. तो पेशंट घाबरलेला नव्हता. त्याने एवढंच विचारलं होतं, ‘ग्राफ्ट तुटला नाही, तर गुडघा का निसटतो?’ मिलिमीटरचं नाव न काढता त्याला काय सांगायचं होतं, ते तुम्हीच लिहा.