पोत्यामागे ४० शिलिंग

कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली आणि उरलेलं २० टक्के उठायला १ एप्रिल २०२५ उजाडला. या वादात गावाकडून एक दाखला हटकून येतो: कच्चा माल बाहेर सोडू नका, इंग्लंड लोकर अडवून कापडावर श्रीमंत झालं. इंग्लंडातला जुना हिशेब पाहिला तर तो अर्धाच खरा निघतो.

लोकरीचं एक पोतं ३६४ पौंडांचं, म्हणजे सुमारे १६५ किलो. त्याला अडीचशेच्या आसपास मेंढ्या लागत. जूनच्या सुमारास मेंढ्या ओढ्यात धुवायच्या, सुकल्या की कातरायच्या, मग चांगली, मध्यम आणि तुकड्यांची अशी प्रतवारी. (आत माती-शेण कोंबून वजन वाढवणारे तेव्हाही होतेच.)

१२७५ मध्ये या पोत्यावर ६ शिलिंग ८ पेन्स जकात बसली (१२ पेन्सचा एक शिलिंग). १२९४ मध्ये फ्रान्सशी लढाई निघाली आणि राजा पहिल्या एडवर्डने ती ४० शिलिंगांवर नेली. भरायची व्यापाऱ्याने, पण त्याने खरेदीचा भाव पाडून ती वसूल केली. फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) मागांचं इंग्लिश लोकरीवाचून अडत होतं, तरीही! कारण मेंढीवाल्याला थांबणं परवडत नव्हतं. खंड भरायचा होता. मठांनी तर इटालियन व्यापाऱ्यांकडून पुढच्या कित्येक वर्षांच्या लोकरीवर उचल घेतलेली. १२७०च्या दशकाअखेर मेंढ्यांत खरुजेची साथ आली, कबूल केलेली पोती भरेनात, कर्ज तेवढं राहिलं. १२९७ मध्ये राजाकडे गेलेल्या तक्रारीत लोकरीची किंमत देशाच्या जवळपास निम्म्या मोलाची सांगितली आहे. अतिशयोक्ती धरा, पण त्याच वर्षी राजाला ती जकात मागे घ्यावी लागली.

पुढे ती परत आली आणि मुक्कामाला राहिली. १३४७ पासून कापडाच्या ठाणावर देशी व्यापाऱ्याला जकात फक्त १४ पेन्स. पोत्याची साधारण सव्वाचार ठाणं होत. म्हणजे लोकर विणून पाठवली तर ५ शिलिंग, कच्ची पाठवली तर ४०च्या वर. माग वाढले ते या फरकाने. पण हे धोरण नव्हतं, राजाला युद्धाला पैसा हवा होता. वर्षाला ४० हजारांवर गेलेली निर्यातीची पोती दहा हजारांखाली यायला दीडेकशे वर्षं लागली.

कांद्याचं ठाण विणता येत नाही. पावडर-कापाला फार थोडा माल लागतो, उन्हाळ (रब्बीचा) कांदा साठवणीच्या चाळीत चार-पाच महिने टिकतो आणि आपण दार लावलं की ढाक्याचा आयातदार पाकिस्तानकडे वळतो. शुल्क लावायचंच असेल तर रब्बीचं रोप टाकण्याआधी, ऑक्टोबरात जाहीर करा. ऑगस्टात चाळ भरलेली असते.